फुले, आयुष्मान, आभा, ईएसआय : कपाटातलं कुठलं कार्ड कशाचं?

मागच्या अंकात आरोग्य योजनांबद्दलचे प्रश्न मागवले होते. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, काहींनी नुसता कार्डाचा फोटो टाकून "हे कशाचं आहे तेवढं सांगा" असं लिहिलंय. सातारा-सांगलीतल्या घरोघरी तीन-चार कार्डं पडून आहेत आणि दवाखान्यात पळायच्या वेळी कुठलं घ्यायचं तेच कुणाला माहीत नाही, हे वाचून जीव तुटतो, कारण योजनेत बसत असलेली माणसंसुद्धा दागिने गहाण टाकून ऑपरेशन करतायत. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला. उत्तरं वाचताना एक लक्षात ठेवा, योजनेच्या नावावरून अंदाज बांधू नका. पैसे कोण भरणार, कुणाच्या यादीत तुमचं नाव लागतं आणि पैसे उपचाराला मिळतात की माणूस गेल्यावर, एवढं विचारलं की निम्मा गुंता सुटतो.

प्रश्न : ताई, आमच्या घरी राजीव गांधी जीवनदायीचं कार्ड आहे, सासूबाईंनी जपून ठेवलंय. परवा दवाखान्यात गेलो तर तिथं बोर्ड महात्मा फुले योजनेचा, खाली आयुष्मान भारत पण लिहिलेलं. या तीन योजना आहेत का? आमचं कार्ड बाद झालं का? नवीन कुठं काढायचं?
– एक गृहिणी, खटाव तालुका

ताई, तुमच्या प्रश्नात जवळजवळ सगळाच इतिहास आला, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी १९९७ साली राज्याची जीवनदायी आरोग्य योजना होती, ती दारिद्र्यरेषेखालच्या लोकांसाठी आणि हृदय, किडनी, मेंदू अशा मोजक्याच मोठ्या आजारांसाठी. मग जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, पण पहिल्या टप्प्यात फक्त आठ जिल्हे होते, सोलापूर त्यात होतं, आपले सातारा-सांगली नव्हते. आपल्याकडे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली, सगळ्या राज्याबरोबर. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, आणि किडनी बदलायची असेल तर अडीच लाख. तुमच्या सासूबाईंनी जपलेलं कार्ड याच काळातलं.

२०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण तुमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे ते नाव दवाखान्याच्या दारावर वाचून तुम्हाला वेगळं काही वाटलं असेल तर मला नवल नाही. योजना तीच चालू राहिली, मुंबईत बसून ती चालवणारी संस्थाही तीच, राज्य आरोग्य हमी सोसायटी. म्हणजे राजीव गांधी आणि महात्मा फुले या दोन योजना नाहीत, एकीचंच आधीचं आणि नंतरचं नाव.

आयुष्मान भारत मात्र खरोखर वेगळ्या दारातून आली, ती केंद्राची. २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, पूर्ण नाव आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, इंग्रजी आद्याक्षरांत पीएमजेएवाय. कुटुंबाला वर्षाला ५ लाख. पण तिची यादी रेशनकार्डावरून केलेली नव्हती, २०११ ला जे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण झालं त्यावरून केली होती, म्हणून तर गावात लोक विचारायचे की अमक्याच्या दारात ट्रॅक्टर असून त्याला पंतप्रधानांचं पत्र आलं आणि आमचं पत्र्याचं घर असून आम्हाला का नाही. कारण त्या वर्षी फॉर्मवर जे नोंदलं गेलं तेच यादीत आलं, नंतर कोण वर गेलं आणि कोण खाली आलं ते त्या यादीला कळत नाही. या योजनेचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतात. दिल्लीत तिच्यासाठी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आहे, पण महाराष्ट्रात काम बघते आपली मुंबईची सोसायटीच.

मग झालं असं की एकाच दवाखान्यात, एकाच टेबलावर दोन योजना आल्या, एकीला दीड लाखाची मर्यादा आणि दुसरीला पाच लाखाची, आणि पेशंटला कळेना आपण कुठल्या. १ एप्रिल २०२० पासून राज्याने दोन्ही जोडून चालवायला घेतल्या. तेव्हा दीड लाखापर्यंतचा खर्च विमा कंपनी द्यायची, सरकार तिला हप्ता भरायचं, आणि आयुष्मानवाल्यांचा दीड ते पाच लाखांमधला खर्च सोसायटी स्वतः द्यायची. पेशंटला हे दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही, पण "योजनेचे पैसे विमा कंपनीने अडवलेत" असं कुणी सांगितलं तर कंपनी मधे कुठून आली हे आता तुम्हाला कळेल.

त्यानंतरचा मोठा बदल म्हणजे २८ जुलै २०२३ चा शासन निर्णय, तो प्रत्यक्षात १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्यामुळे फुले योजनेतही कुटुंबाला वर्षाला ५ लाख मिळू लागले, उपचारांची संख्या तेव्हा वाढून १३५६ झाली आणि किडनी बदलायची मर्यादा साडेचार लाख झाली. बोर्डावर दोन नावं एकत्र दिसतात ती या जोडण्यामुळे.

आता तुमच्या कार्डाचं. जुनं जीवनदायी कार्ड कुणी मागणार नाही, चालू असलेलं रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र, शक्यतो आधार, ही जोडी महत्त्वाची. आयुष्मान कार्ड काढून ठेवलं तर उत्तमच, ते केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करून मिळतं, आपले सरकार केंद्रात किंवा योजनेतल्या दवाखान्यात काढून देतात, आशाताईंना विचारलं तरी त्या सांगतील. पण कार्ड नाही म्हणून पेशंटला घरी ठेवू नका. रेशनकार्ड घेऊन थेट योजनेतल्या दवाखान्यात जा आणि आरोग्यमित्राचं, म्हणजे तिथं बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल शोधा.

आणि एक, तुमच्या गावच्या उपकेंद्रावर "आयुष्मान आरोग्य मंदिर" असा बोर्ड लागला असेल. ते आयुष्मान भारतचंच दुसरं अंग आहे, तिथं बीपी-शुगर तपासतात, गोळ्या देतात, बाळांना लस देतात. पाच लाखाच्या ऑपरेशनची योजना तिथं नाही. नाव सारखं असल्यामुळे बायका ऑपरेशनची फाईल घेऊन तिथं जातात आणि परत येतात, ती चक्कर तरी वाचवा.

प्रश्न : आमचं पांढरं रेशनकार्ड आहे, वडील माध्यमिक शाळेत शिपाई होते, आता रिटायर. आम्हाला कायम सांगितलं की पांढऱ्याला काही नाही. आता मिळतं म्हणतात, खरं आहे का? आणि पाच लाख म्हणजे प्रत्येकाला पाच का?
– वाचक, विटा

खरं आहे. पूर्वी पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा यांनाच होतं, पांढऱ्याला मिळायचं ते फक्त मराठवाडा-विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना, आपण त्यात नव्हतो. जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत. रेशनकार्डच नसेल तर अधिवास प्रमाणपत्रावर होतं.

पाच लाख मात्र माणशी नाहीत, ते सगळ्या कुटुंबाचे मिळून आहेत आणि एका वर्षाचे आहेत. वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला दोन लाख लागले तर त्या वर्षात उरलेले तीन लाख तुम्हा सगळ्यांत. कुटुंब म्हणजे रेशनकार्डावर ज्यांची नावं आहेत ते. इथंच बहुतेकांचं घोडं अडतं, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर, नातू पाच वर्षांचा झाला तरी त्याचं नावच चढवलेलं नाही, आजोबा वारून दहा वर्षं झाली ते मात्र कार्डावर आहेत. आजारपण आल्यावर पुरवठा शाखेत पळण्यापेक्षा आत्ताच तहसीलला जाऊन नावं नीट करून घ्या, आधार आणि रेशनकार्डावरच्या नावाचं स्पेलिंगही एकदा जुळवून बघा.

प्रश्न : मी घरातल्या सगळ्यांची आभा कार्डं मोबाईलवरून काढली, १४ आकडी नंबर आलाय. आईला गुडघ्याच्या ऑपरेशनला मिरजेला नेलं तर तिथं म्हणाले हे कार्ड चालत नाही. कार्डावर तर आयुष्मान भारत लिहिलंय, सरकारचा शिक्का आहे. मग चालत कसं नाही? फसवणूक आहे का ही?
– तरुण वाचक, तासगाव

फसवणूक नाही रे बाबा, पण तुझा राग मला पूर्ण समजतो, कारण हा प्रश्न या वेळच्या डाकेत सगळ्यात जास्त आलाय आणि चूक लोकांची नाहीये. दोन्ही कार्डांवर आयुष्मान भारत छापलंय, दोन्ही आधारवरून निघतात, दोन्ही मोबाईलवर येतात, कोण कसं ओळखणार.

आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट. तो आपल्या तब्येतीच्या कागदांचा खातेनंबर आहे. रक्ताचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी हे सगळं त्या नंबराखाली जोडता येतं, मग पुढच्या डॉक्टरला तुझ्या परवानगीने ते बघता येतं. कुणीही काढू शकतो, श्रीमंत-गरीब काही अट नाही, कारण त्यात रुपयाचाही विमा नाही. आयुष्मान कार्ड म्हणजे पाच लाखाच्या योजनेतला लाभार्थी असल्याचा पुरावा, ते यादीत असलेल्यालाच निघतं. बँकेचं पासबुक आणि कर्जमंजुरीचं पत्र दोन्हींवर बँकेचं नाव असतं, पण पासबुक दाखवून कर्ज मिळत नाही, तसंच हे.

तू काढलेला आभा नंबर वाया गेला असं नाही, राहू दे तो. आईसाठी आता काय करायचं ते सांगते. रेशनकार्डावर तिचं नाव आहे का बघ. मग आयुष्मान कार्डासाठी केवायसी करून घे, आयुष्मान नावाच्या ॲपवरून घरीही होतं, पण म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत, तेव्हा ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेव. आणि ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दोन गोष्टी विचार, हा दवाखाना योजनेत आहे का, आणि असला तर या ऑपरेशनसाठी आहे का. हा दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. एखादा दवाखाना योजनेत असतो पण फक्त कॅन्सरसाठी किंवा फक्त हाडांसाठी. शिवाय काही उपचार सरकारी दवाखान्यांसाठीच राखून ठेवलेत, ते खाजगीत योजनेतून होतच नाहीत, मग तिथला माणूस "योजनेत बसत नाही" म्हणतो आणि आपण समजतो की योजनाच बंद आहे. तेच ऑपरेशन सांगली-मिरजेच्या सरकारी दवाखान्यात योजनेतून होऊ शकतं. म्हणून "बसत नाही" म्हटलं की लगेच विचारायचं, तुमच्याकडे बसत नाही की कुठेच बसत नाही?

प्रश्न : आम्ही जत तालुक्यातले, आम्हाला सांगलीपेक्षा विजापूर, अथणी सोयीचं पडतं, पाहुणेही तिकडे. महाराष्ट्राचं कार्ड कर्नाटकात चालेल का?
– शेतकरी वाचक, उमदी परिसर

काका, केंद्राच्या आयुष्मान योजनेत ज्यांचं नाव आहे त्यांना देशभरात योजनेतल्या कुठल्याही दवाखान्यात उपचार घेता येतात, विजापूर काय नि बेळगाव काय. तिकडे दवाखान्यात बोर्ड मात्र "आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक" असा दिसेल, गोव्यात गेलात तर त्यांची स्वतःची दीनदयाळ योजना वेगळीच, प्रत्येक राज्याने केंद्राच्या नावाला आपलं काहीतरी जोडलंय किंवा शेजारी स्वतःचं उभं केलंय. तुम्ही बोर्डाकडे बघू नका, "आयुष्मान पीएमजेएवाय, महाराष्ट्राचं कार्ड" एवढं सांगा आणि त्यांना कॉम्प्युटरवर बघू द्या.

पण तुमचा हक्क फक्त राज्याच्या फुले योजनेतला असेल, म्हणजे तुम्ही केंद्राच्या यादीत नसाल, तर तो महाराष्ट्राने जोडलेल्या दवाखान्यांपुरताच आहे. यात एक वेगळी गोष्ट आहे, सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी बांधवांसाठी आपल्या राज्याने फुले योजना लागू केलीय, ती कर्नाटक हद्दीतल्या त्या गावांसाठी, जतच्या लोकांसाठी नाही. तुमचे अथणीकडचे पाहुणे त्या गावांपैकी असतील तर त्यांना हे जरूर सांगा. तुमचं नाव कुठल्या यादीत ते घरबसल्या १४५५५ ला फोन करून विचारा, हा केंद्राचा नंबर आहे, फोन करताना रेशनकार्ड आणि आधार समोर घेऊन बसा. पेशंटला गाडीत घालून मग विचारपूस नको.

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. पगारातून ईएसआय कापतात. गावाकडं आईवडील आहेत. मला फुले योजना लागू का ईएसआय? आणि कापून घेतलेल्या पैशाचं नक्की काय मिळतं?
– कामगार वाचक, कुपवाड

दादा, ईएसआय म्हणजे कामगारांचा राज्य विमा, ही सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय आहे. १९४८ च्या कायद्याने आलेली, आणि ती आरोग्य खात्याची नाही, कामगार खात्याची. म्हणून आयुष्मानच्या टेबलावर ईएसआयबद्दल विचारलं तर ते कानावर हात ठेवतात, त्यांचा खरंच संबंध नसतो. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक वरून सव्वातीन टक्के घालतो. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असेल तर हे लागू.

फरक नीट समजून घ्या. फुले-आयुष्मानमध्ये ठरलेले उपचार आणि वर्षाला पाच लाखाची मर्यादा, आणि बहुतेक वेळा ॲडमिट व्हावं लागतं. ईएसआयमध्ये साध्या तापापासून औषधं, बाहेरच्या बाहेर तपासणी, मोठं ऑपरेशन, सगळं येतं आणि खर्चाला अशी ठरलेली मर्यादा नाही. आजारपणात रजा पडली तर पगाराच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, हे कुठल्याही आयुष्मानमध्ये नाही. बायको, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात, पण त्यांची नावं नोंदवलेली पाहिजेत. कंपनीत एचआरला किंवा ज्या ठेकेदाराकडे आहात त्याला सांगून ई-पहचान कार्डाची प्रिंट मागा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते आजच बघा. ठेकेदारीतल्या पोरांना तर आपला नंबरही माहीत नसतो, कापलेले पैसे भरले जातात का तेही माहीत नसतं, त्यामुळे पगाराच्या चिठ्ठीवरची कपात आणि ईएसआयचा नंबर दोन्ही लिहून ठेवायची सवय लावा.

पगार वाढून मधेच २१ हजारांच्या वर गेला तर त्याच महिन्यात बंद होत नाही, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे टप्पे असतात, चालू टप्पा संपेपर्यंत कपातही चालू आणि संरक्षणही चालू.

प्रश्न : सासरे फौजेतून रिटायर आहेत, वय ७४, ईसीएचएसचं कार्ड आहे. गावात कॅम्पमध्ये सगळ्या म्हाताऱ्यांची वय वंदना कार्डं काढतायत, सासरे म्हणतात मलाही काढ. दोन्ही ठेवली तर चालतात का?
– सातारा तालुक्यातून

अपशिंग्यासारखी फौजींची गावं ज्या तालुक्यात आहेत तिथून हा प्रश्न येणारच होता. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी केंद्राने आयुष्मानमध्येच ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना घेतलं, उत्पन्न कितीही असो, त्याचं नाव आयुष्मान वय वंदना. वय आधारवर असेल तेच धरतात. घर आधीच आयुष्मानच्या यादीत असेल तर ज्येष्ठांसाठी आणखी पाच लाख वेगळे मिळतात, ते बाकीच्यांनी वापरायचे नाहीत. नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या वर असले तर ते पाच लाख दोघांत मिळून.

पण ईसीएचएस किंवा केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस ज्यांना आहे त्यांना दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. (खाजगी मेडिक्लेम किंवा ईएसआय असलेल्यांना ही अट नाही.) ईसीएचएस ही २००३ ला माजी सैनिकांसाठी सुरू झालेली, तिच्यात पॉलिक्लिनिकमधून रोजची औषधं मिळतात, तपासण्या होतात, खर्चाला पाच लाखाची सीमा नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या कायमच्या चालू असलेल्या ७४ वर्षांच्या माणसाला काय जास्त उपयोगी पडेल? मी तुमच्या जागी असते तर ईसीएचएस सोडलं नसतं. सासऱ्यांना शेजाऱ्यासारखं कार्ड पाहिजे असेल, ते साहजिक आहे, पण कॅम्पमध्ये घाईने अंगठा देण्याआधी त्यांना हे बसून सांगा.

प्रश्न : बँकेने प्रधानमंत्री सुरक्षा विमा म्हणून दरवर्षी २० रुपये कापलेत. यंदा द्राक्षबागेत काम करताना पडून पाय मोडला, प्लेट टाकली, सत्तर हजार गेले. बँकेत गेलो तर म्हणतात यात दवाखान्याचा खर्च नसतो. मग विमा कसला?
– वाचक, पलूस

दादा, सत्तर हजार पदरचे गेले हे वाचून खरंच वाईट वाटलं, पण बँकेने सांगितलं ते बरोबर आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना हा अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाचा विमा आहे. अपघातात माणूस गेला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय असं कायमचं गेलं तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात किंवा पाय कायमचा गेला तर १ लाख. मोडलेलं हाड जोडायचा खर्च यात नाही. त्याच्याच जोडीची ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवन ज्योती, ती कुठल्याही कारणाने माणूस गेला तर वारसाला २ लाख. दोन्ही २०१५ ला आल्या, दोन्ही बँकेतून चालतात, आणि आरोग्य खात्याशी दोन्हींचा काही संबंध नाही. नावात प्रधानमंत्री आहे आणि विमा आहे, त्यामुळे तुमच्यासारखे कितीतरी लोक समजतात की आपला दवाखान्याचा विमा झालेला आहे आणि आयुष्मानच्या वाटेला जातच नाहीत. हे मला फार लागतं.

शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, सर्पदंश, विजेचा शॉक, विहिरीत बुडणं असं सगळं तिच्यात येतं, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, पण तीसुद्धा मृत्यू आणि अपंगत्वासाठीच. २० रुपयांचा विमा बंद करू नका हं, घरातल्या कमावत्या माणसाला तो असलाच पाहिजे. फक्त हाड मोडलं तर फुले-आयुष्मान, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आणि आता केलेल्या खर्चाची बिलं लावून फुले योजनेतून पैसे परत मिळत नाहीत, तिथं सगळं ॲडमिट असतानाच, कॅशलेस होतं. पायातली प्लेट पुढे काढायची झाली तर त्या वेळी मात्र आधी आरोग्यमित्राकडे जा.

प्रश्न : योजनेतल्या दवाखान्यात वडिलांना ॲडमिट केलं, कागद दिले, तरी काउंटरवर "आधी डिपॉझिट भरा, मंजुरी आली की परत देऊ" म्हणाले. भरले. मंजुरी आली पण पैसे परत द्यायला टाळाटाळ चाललीय. कुणाला धरायचं? या योजनेचा साहेब बसतो कुठं?
– वाचक, कराड

दादा, साहेब एका जागी बसत नाही, म्हणून तर वेळ मारून नेणं सोपं जातं. साखळी अशी आहे. दवाखान्यात दोन माणसं असतात, एक आरोग्यमित्र, जो योजनेचा माणूस, आणि एक दवाखान्याने नेमलेला डॉक्टर जो योजनेचं काम बघतो. आरोग्यमित्र तुमची नोंद करतो, दवाखाना रिपोर्ट जोडून मंजुरी मागतो, ती मंजुरी वरच्या पातळीवरचे डॉक्टर कागद बघून देतात. ॲक्सिडेंट, हार्ट ॲटॅक असं तातडीचं असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून, त्यामुळे "मंजुरी नाही म्हणून हात लावत नाही" हे अशा वेळी ऐकून घेऊ नका. आरोग्यमित्राच्या वर जिल्ह्याचा समन्वयक, त्याच्यावर मुंबईची सोसायटी. तुम्ही आत्तापर्यंत बोललात तो बिलिंगचा माणूस, तो या साखळीत कुठेच नाही.

तेव्हा बिलिंगला खेटे घालणं थांबवा. १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. डिपॉझिटची पावती असेल तर फोटो काढून ठेवा, मूळ कागद हातातून सोडू नका. पावतीच दिली नसेल तर पैसे कुणी, कधी, कुठल्या काउंटरवर, कसे घेतले हे लिहून अर्जात घाला, फोनवरून पाठवले असतील तर तो मेसेज पुरावा आहे. अर्ज तीन प्रतींत, एकीवर पोच घेऊन ती स्वतःकडे ठेवा. एक प्रत जिल्हा समन्वयकाला, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना. मंजूर झालेल्या उपचारासाठी पेशंटकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत हा योजनेचा नियमच आहे, त्यामुळे तुम्ही उपकार मागत नाही आहात, आवाज खाली घेऊन बोलायचं कारण नाही.

तुमच्या पत्रात खाली आणखी एक ओळ होती, की दवाखाना ट्रस्टचा आहे. मग हेही विचारून ठेवा. धर्मादाय दवाखान्यांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धन पेशंटना पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. ही विमा योजना नाही, हिच्यासाठी कार्ड नसतं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं, तक्रार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाते. फुले योजनेत न बसणारा एखादा आजार यातून होऊन जातो. दवाखान्यात समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा, आणि डिस्चार्जच्या दिवशी कागदांवर सह्या करताना "माझ्याकडून कोणतेही पैसे घेतले नाहीत" असं छापलेलं काही समोर आलं तर पैसे परत हातात पडल्याशिवाय सही करू नका.